पार्ट बदलूनही मागचा ब्रेक धरतोय? चाक जाम असतानाच तपासा

मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक धरून बसतो, ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) हात लावू देत नाही इतका तापतो, जळका वास येतो, न्यूट्रलला टाकली तर उतारावरसुद्धा गाडी सुस्त चालते. आणि रात्रभर उभी राहिली की सकाळी तेच चाक हाताने गरगर फिरतं. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं हे दुखणं जूनमध्ये सुरू झालं आणि ऑगस्टच्या शेवटी संपलं. मधल्या काळात ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे), दोन्ही व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने शू ढकलणारे) आणि दोन्ही होज पाईप (तिथवर तेल नेणारे रबरी पाईप) बदलून झाले, ड्रम लेथवर फिरवून झाले. दुखणं यातल्या कशातच नव्हतं.

मी स्वतः कराडजवळ गाड्या दुरुस्त करतो, १६ वर्षं झाली. मेहुणा चिपळूणला नोकरीला. गाडी तिथल्याच एका गॅरेजला जायची आणि मी फोनवर. होज बदलायला मीच सांगितलं होतं, गाडी न बघता, आणि ते चुकीचं होतं. त्याचा खर्च त्याला पडला, म्हणून यातली तपासणी नीट लिहून ठेवतोय. ज्याची गाडी पार्ट बदलूनही हेच करतेय त्याला उपयोग व्हावा.

गाडी साधी आहे. १२ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी यंत्रणा) नाही. अशा गाड्या आपल्याकडे हजारोंनी आहेत, त्यामुळे पुढचं बरंचसं तुमच्याही गाडीला लागू पडेल.

आधी काय काय झालं

पावसाळ्याच्या तोंडावर मागचे शू संपले म्हणून बदलले. आठ दिवसांत पहिल्यांदा चाक तापलं. गॅरेजवाले म्हणाले, नवीन शू आहेत, ५०० किलोमीटर चालवा, बसतील. यात थोडं तथ्य आहे. नवीन लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, ड्रमला हलकेच घासतो, सुरुवातीला ड्रम जरा कोमट लागतो. पण बसणारा शू वास मारत नाही आणि एकच चाक तापवत नाही. दोन्ही बाजूंना सारखं कोमट असेल तर वाट बघायला हरकत नाही. एकीकडे गार आणि दुसरीकडे चटका, तर तो दोष आहे.

दुसऱ्या वेळी व्हील सिलिंडर बदलले. तिसऱ्या वेळी ड्रमला कट मारून, म्हणजे लेथवर आतून घासून घेतला. मग मी होज सांगितले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजला पोचेपर्यंत मोकळी झालेली असायची. मिस्त्री ड्रम काढून बघणार, आत सगळं नवंकोरं, स्वच्छ. मग अंदाजाने आणखी एक पार्ट. त्या मिस्त्रीला मी दोष देत नाही. मोकळं चाक बघून कुणालाच कळणार नाही की ते जाम का होत होतं.

सगळा घोळ इथेच आहे. धरलेला ब्रेक स्वतःच सांगत असतो की त्याला कोण धरून ठेवतंय: तेलाचा दाब, हँडब्रेकची केबल, की ड्रमच्या आत शूच कुठे अडकलाय. पण हे तो धरलेला असतो तेवढा वेळच सांगतो. पाना चुकीच्या क्रमाने लावला, की पुरावा पुसला जातो.

राखीपौर्णिमेचा फोन

राखीला तो आमच्याकडे यायला निघाला. कुंभार्ली घाट चढून आला, कोयनानगरच्या आसपास रस्त्याकडेला चहाला थांबला, पुढे पाटणजवळ वास यायला लागला. फोन आला, "दाजी, परत धरला."

मी म्हटलं, "आहेस तिथेच सपाट जागा बघून थांब. हँडब्रेक ओढू नकोस, पहिल्या गिअरमध्ये ठेव, पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड लाव. ड्रमवर पाणी ओतू नकोस. कशालाही हात लावू नकोस, मी येतो."

पाणी ओतायचं नाही ते यासाठी, की लोखंडी ड्रम लालभडक नसला तरी एकदम गार पडला तर वाकतो, तडकूही शकतो. शिवाय ताप हाही पुरावाच असतो.

तासाभराने मी पोचलो. माझ्याकडे बंदुकीसारखं लांबून मोजायचं थर्मामीटर आहे. उजवा मागचा ड्रम २७ अंश, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. डावा अजून ५८. जॅक लावून डावं चाक उचललं. दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही.

इथे पहिला धागा मिळाला, आणि तो मी फोनवर विचारला असता तर होजचा खर्च वाचला असता. तेलामुळे धरणारा ब्रेक बहुतेकदा तापल्याने धरतो. तेल तापून फुगतं, त्याला मागे जायला वाट मिळत नाही, दाब अडकतो. तासभर उभं राहिल्यावर तेल निवतं, आक्रसतं आणि चाक सैल पडायला लागतं. हे चाक निवत आलं होतं तरी तितकंच घट्ट होतं. म्हणजे संशय तेलावरून उठून दुसरीकडे जायला हवा होता.

तपासणीचा क्रम

चाक जाम असताना मी ज्या क्रमाने गेलो तोच क्रम सांगतो. आधी जे केल्याने काही सांडत नाही ते, सांडणारं नंतर.

पहिलं काम आत बसून. आमच्या गाडीत दोन सीटच्या मधलं कव्हर काढलं की हँडब्रेकचा दांडा, त्याचा आटे असलेला रॉड, त्यावरचा नट आणि एक छोटी पट्टी दिसते. या पट्टीच्या दोन टोकांना डावी आणि उजवी केबल अडकवलेली असते. काही गाड्यांत हीच पट्टी गाडीखाली सायलेन्सरच्या पाईपजवळ असते. तिथे हात घालण्याआधी पाईप गार होऊ द्या, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा. नट सैल करायच्या आधी तो किती आटे आत आहे ते मोजून लिहून ठेवा. मग पूर्ण सैल करा.

सैल केल्यावर चाक सुटलं तर केबल जास्त ताणली होती, विषय संपला. आमचं चाक सुटलं नाही.

बरेच जण इथे केबलला निर्दोष ठरवून पुढे जातात. मीही पूर्वी जायचो. पण नट सैल करून फक्त पुढचं टोक मोकळं होतं. केबल मधेच, तिच्या कव्हरमध्ये अडकली असेल तर मागच्या टोकाला त्याची खबरही लागत नाही. म्हणून नट सैल केल्यावर चाकाकडे नाही, दोन केबलच्या पुढच्या टोकांकडे बघा. उजव्या केबलची तार मागच्या स्प्रिंगने ओढून घेतली होती, कव्हरच्या तोंडाशी जेमतेम दोन बोटं बाहेर. डाव्या केबलची तार तिच्याहून बरीच लांब बाहेर होती आणि झोपाळ्याच्या दोरीसारखी लोंबत होती. स्प्रिंग तिला मागे ओढू शकत नव्हती.

पक्कडने ती तार धरून मी कव्हरमध्ये मागे ढकलली. पहिल्यांदा गेली नाही. दुसऱ्यांदा जोर दिला तेव्हा करकरत गेली, आणि बाहेर चाकाला हात लावून बसलेला मेहुणा ओरडला, "दाजी, सुटलं!"

आमचं उत्तर इथेच मिळालं. पण तुमचं चाक इथेही सुटलं नाही, तर तेलाची बाजू तपासायची. मागच्या चाकाला जाणाऱ्या पातळ लोखंडी पाईपचा, होजच्या अलीकडचा, म्हणजे बॉडीकडचा जोड थोडा सैल करा. चाक सुटलं तर दाब वरून अडकलाय: मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा), पेडलचा रॉड, किंवा एबीएस असेल तर त्याचा ब्लॉक. नाही सुटलं, तर तो जोड आवळा आणि ड्रमच्या पाठीमागचं ब्लीडिंग निपल (तेलातली हवा काढायची तोटी) अर्धा आटा उघडा. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब मधल्या होजमध्ये अडकलाय. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतलं रबर सुटून पडद्यासारखं लोंबतं. पायाचा जोर तेल पुढे ढकलतो, परत येताना पडदा वाट बंद करतो. निपल उघडूनही चाक जाम, तर तेल सुटलं आणि खेळ ड्रमच्या आतला आहे.

क्रम उलटा करू नका. निपल आधी उघडलं की दाब कुठे अडकला होता ते कळायचा मार्ग बंद होतो, आणि पुन्हा ब्रेक धरेपर्यंत वाट बघावी लागते. कोकणातल्या गाड्यांचे हे जोड गंजलेले असतात. साध्या फिक्स पान्याने नट गोल होतो, पाईपसाठी येतो तो खास पाना वापरा. तेल गरम असतं, चष्मा घाला, आणि रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो. आणि तेलाचा कोणताही जोड उघडलात की हवा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. हे रस्त्याकडेला जमणारं नसेल तर टो करून गॅरेजला न्या आणि तिथे ब्रेक धरायला लावून मग तपासा.

कोणती चाकं धरतात यावरून काय कळतं

पान्याला हात लावण्याआधी हा विचार फुकटात होतो. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ब्रेकचं तेल दोन वाटांनी तिरपं वाटलेलं असतं: पुढचं उजवं आणि मागचं डावं एका वाटेवर, पुढचं डावं आणि मागचं उजवं दुसऱ्या. अशा गाडीत मास्टर सिलिंडर बिघडला तर एक पुढचं आणि तिरपं मागचं चाक तापेल, किंवा चारही. मागची दोन्ही तापतायत आणि पुढची दोन्ही ठीक आहेत, तर हँडब्रेककडे बघा, कारण मागच्या दोघांना जोडणारी तीच एक गोष्ट आहे. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या जुन्या जीप, व्हॅन यांत पुढचा आणि मागचा भाग वेगळा असतो, आणि मागच्या दोन्ही चाकांना बऱ्याचदा एकाच होजमधून तेल जातं. तिथे मागची दोन्ही धरली तर तो होज नक्की बघा.

एकच मागचं चाक धरत असेल तर केबल, व्हील सिलिंडर, होज, शू यांपैकी काहीही असू शकतं. मग वरचा क्रम लावायचा.

पुरावा त्याच्या रोजच्या वापरात होता

चाक सुटल्यावर आम्ही तिथेच बसून मागचा हिशेब केला. चारही वेळा ब्रेक धरला त्याच्या आधी गाडी कुठे उभी होती? पहिल्यांदा धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर, दापोलीला जाताना. दुसऱ्यांदा परशुरामच्या उतारावर, देवळात गेला होता तेव्हा. तिसऱ्यांदा नातेवाइकांच्या घरासमोरच्या चढावर. चौथ्यांदा चहाच्या टपरीशी. चारही ठिकाणी त्याने हँडब्रेक ओढला होता. घरी गल्ली सपाट, गाडी नुसती गिअरमध्ये असते. ऑफिसलाही तसंच. म्हणून रोजच्या जाण्यायेण्यात काही होत नव्हतं आणि लांबच्या प्रवासात हमखास व्हायचं. आम्ही दोघंही "लांब गेलं की तापतो" असं म्हणत बसलो होतो, तापण्याचा संबंध अंतराशी नव्हता, थांबण्याशी होता.

आणि सकाळी मोकळं का? अडकलेली तार मागच्या स्प्रिंगच्या ओढीने रात्रभरात तिळातिळाने मागे सरकायची. ब्रेक धरतो त्या दिवशी ही नोंद ठेवा: कुठे थांबलो, हँडब्रेक ओढला का, पाऊस होता का, ब्रेक जास्त वापरला का. पेडल खूप वापरल्यावर धरत असेल तर तेल, हँडब्रेकनंतर धरत असेल तर केबल, आणि पावसात रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी धरत असेल तर गंज.

ड्रम काढल्यावर काय दिसलं

गाडी हळूहळू कराडला आणली, हँडब्रेकला हात न लावता. दुसऱ्या दिवशी दोन्ही ड्रम काढले. ड्रम निघत नसेल तर हातोडा घालत बसू नका. बऱ्याच ड्रमना दोन आटे असलेली भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट, आमच्या गाडीत ८ एमएमचे, आलटून पालटून आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो छातीत जाऊन बसतो. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढा, तोंडाला मास्क लावा. ड्रम बाहेर असताना कुणालाही ब्रेक पेडल दाबू देऊ नका, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात.

मेहुण्याला आत बसवून हँडब्रेक दोन दात, म्हणजे दोन टकटक, ओढायला आणि सोडायला लावला. मागच्या शूला आतल्या बाजूने एक लिव्हर असतो, केबल त्याला ओढते. उजवीकडचा लिव्हर सोडताच टक्कन परत जाऊन शूच्या कडेला टेकला. डावीकडचा हळूहळू निम्मा आला आणि थांबला. शू आणि लिव्हर यांच्यामध्ये तीन मिलिमीटर फट राहिली. मी बोटाने दाबून बघितली, दाबली जाते, बोट काढलं की फट पुन्हा तेवढीच. ही फट शून्य असायला हवी. ही एक गोष्ट शू बदलणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही बाजूंना बघितलीच पाहिजे, त्याला दहा सेकंदही लागत नाहीत.

केबल काढली. मागच्या एक्सलपाशी जिथे ती वळते आणि क्लिपने धरली आहे, तिथे प्लास्टिकचं कव्हर फाटलेलं होतं. वाकवल्यावर त्यातून तांबूस पाणी आलं. तार ओढून बाहेर काढली तर वीतभर भाग लाल गंजलेला, पापुद्रे सुटलेले. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचा पूर आला तेव्हा ही गाडी अर्ध्या चाकापर्यंत गढूळ पाण्यात उभी होती. ड्रम तेव्हा धुऊन घेतले होते, केबलचा कुणी विचार केला नाही. पुरात सापडलेल्या गाड्यांच्या केबल मी या गाडीपासून तपासतो, मधेच कव्हरमध्ये गाळ अडकलेला आढळतो.

आता राहिला प्रश्न, हे शू बदलल्यावरच का सुरू झालं. त्याचं उत्तर त्या नटात होतं. जुने शू झिजत गेले तसा हँडब्रेक वर यायला लागला, आणि प्रत्येक सर्व्हिसला कुणीतरी तो नट थोडा आवळत गेलं. नवीन जाड शू बसवताना तो नट परत सैल करायला हवा होता. केला नाही. ड्रम बसेना म्हणून आतला, शू आणि ड्रममधली फट राखणारा अ‍ॅडजस्टर मागे घेऊन ड्रम बसवला. म्हणजे केबल ओढलेलीच राहिली, लिव्हर टेकलेला नाही, आणि तारेचा गंजलेला भाग कव्हरच्या त्या फाटक्या वळणात येऊन बसला. जुन्या शूंबरोबर तार जिथे हलायची तिथे ती घासून गुळगुळीत झाली होती. नव्या जागी गंज होता.

जोडणीचा क्रम

दोन्ही केबल नवीन टाकल्या. एकच गंजली असली तरी दोन्ही बदला. जुनी आणि नवी तार सारखी ओढली जात नाही आणि पट्टी तिरकी होते.

मग पुढचा क्रम चुकवायचा नाही. हँडब्रेकचा नट पूर्ण सैल. दोन्ही लिव्हर शूला टेकलेत ना, डोळ्यांनी बघा. ड्रम बसवा. आता फक्त पेडल दाबत राहा, अ‍ॅडजस्टर आपोआप दात घेत जातो, ड्रमला कान लावला तर बारीक टकटक ऐकू येते. ती थांबेपर्यंत दाबा. ज्या गाडीत हाताने अ‍ॅडजस्ट करायचा असतो तिथे बॅक प्लेटच्या (ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीच्या) भोकातून स्क्रू ड्रायव्हरने दाते फिरवा, शू हलकेच घासेपर्यंत, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे. शू लागले की सगळ्यात शेवटी केबलचा नट. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेक ४ ते ८ दातांच्या आसपास पूर्ण लागावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच खरा. हँडब्रेक पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं हाताने फिरली पाहिजेत, आणि केबलला थोडीशी ढील जाणवली पाहिजे.

हँडब्रेक वर येतोय म्हणून थेट नट आवळणं ही गॅरेजमधली सगळ्यात महागडी सवय आहे. हँडब्रेक वर येतो तो शू झिजल्यामुळे किंवा अ‍ॅडजस्टर जाम झाल्यामुळे. आधी ते बघा.

केबल ठीक असेल तर

पार्ट बदलल्यावर ब्रेक धरायची बाकीची कारणंही मी हाताखालून घातली आहेत. त्यातलं एक मला फार टोचतं, कारण ते आपल्या गॅरेजांमध्ये रोज घडतं: व्हील सिलिंडरचं रबर किट बदलताना पार्ट पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुणं. ब्रेकच्या रबराला खनिज तेल चालत नाही, ते फुगतं. बसवताना किट बरोबर वाटतं, चार दिवसांनी रबर फुगून पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसतो. पायाच्या जोराने पुढे जातो, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. धुवायचं असेल तर ताजं ब्रेक ऑइल किंवा ब्रेक क्लीनर, दुसरं काही नाही. आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं असेल, तर एकेक चाक दुरुस्त करून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात, पाईप धुवावे लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: टाकीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालेलं असतं. झाकण उघडा आणि बघा.

जुन्या सिलिंडरला फक्त नवीन किट टाकलं असेल तर आतला बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ती भिंत, बघा. नखाला खड्डे लागले तर सिलिंडरच बदला.

मास्टर सिलिंडर किंवा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) बदलला असेल तर पेडलच्या रॉडला थोडी ढील हवी. ढील नसेल तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल परत टाकीत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि गाडी जसजशी चालते तसतसे ब्रेक आपोआप लागत जातात. मास्टर सिलिंडरचे नट थोडे सैल करून तो बूस्टरपासून जरा पुढे आला आणि ब्रेक सुटले, तर दोष रॉडच्या लांबीत आहे.

शूच्या बाबतीत तीन गोष्टी. बॅक प्लेटवर जिथे शू टेकून सरकतो तिथे उंचवटे असतात. वर्षानुवर्षांत त्यात खाच पडते आणि शूची कड त्यात अडकते. खाच असेल तर वेल्डिंग भरून घासून घ्यावी लागते किंवा प्लेट बदलावी लागते, आणि त्या जागी जास्त उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं. लायनरला ग्रीस लागता कामा नये. दुसरं, पुढचा आणि मागचा शू काही गाड्यांत वेगळा असतो, आणि वरची-खालची स्प्रिंगही. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्याला राहू द्या, किंवा मोबाइलवर फोटो काढा. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरची अदलाबदल तर अजिबात नको, आट्यांचे काही अ‍ॅडजस्टर उलटसुलट दिशेचे असतात. तिसरं, ड्रमच्या कडेला झिजून उंबरठा तयार होतो आणि नवीन रुंद शू त्याला अडतो. ड्रमला कट मारताना ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे जायचं नाही.

आणि ब्रेक एकदा जाम होऊन चांगलाच तापला असेल तर स्प्रिंगांचा रंग बघा. निळसर झालेली स्प्रिंग मेलेली असते, बदलून टाका. तेलही बदला. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ताजं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पण हवेतलं पाणी शोषत जातं आणि मग हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. आमच्याकडच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदलणं बरं, आणि घाटात जाणाऱ्याने तर नक्कीच.

मागे डिस्क असलेल्या गाडीत, हँडब्रेक कॅलिपरमध्येच (डिस्कला पॅडने चिमटीत धरणाऱ्या भागात) असेल, तर पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत घालू नका, तो बहुतेकदा फिरवत आत घ्यायचा असतो. जबरदस्तीने दाबला तर आतली यंत्रणा तुटते आणि नवीन पॅड धरून बसतात. कॅलिपरच्या पिनाही काढून, पुसून, त्यांच्यासाठीचं ग्रीस लावा.

पावसाळ्यात

सकाळी गाडी काढताना मागून एकदाच कट्ट आवाज येऊन चाक सुटत असेल तर घाबरायचं कारण नाही. ओला शू ड्रमच्या गंजाला रात्रभर चिकटलेला असतो. पण रोज असं होत असेल तर लायनरचा तुकडा निखळायची भीती असते. गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून काढल्यावर थोडं अंतर हलकेच ब्रेक दाबत जा, म्हणजे ड्रम सुकतात. सपाट जागी रात्रभर ठेवायची तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक सोडा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच, शिवाय गिअर आणि दगडही. हँडब्रेक कधीच न वापरणंही चुकीचं, न हललेली केबल लवकर गंजते. रोज दिवसातून एकदा ओढून सोडावा.

मेहुणा गणपतीला परत आला, त्याच घाटाने, आणि मी सांगितल्याप्रमाणे मुद्दाम त्याच टपरीशी, चढावर, हँडब्रेक पूर्ण ओढून थांबला. दारात आल्या आल्या मी थर्मामीटर लावला. डावा ४६, उजवा ४४. नटाचे आटे मी त्याला डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या कागदावर लिहून दिलेत. पुढच्या सर्व्हिसला कुणी आवळला, तर त्याला कळेल.